मामाजींचा न उडणारा फ्यूज

आमच्या घरचा फ्यूज उडत नसे. आसगावात आमच्याकडे कोणीही पाहुणा आला की चहाच्या आधी त्याला ही गोष्ट ऐकावी लागे. ओसरीत मीटरच्या शेजारी एक लाकडी बोर्ड होता, त्यावर चिनीमातीचे दोन जुने फ्यूज होते, आणि माझे सासरे मारोतराव, म्हणजे आमचे मामाजी, पाहुण्याला हाताला धरून तिथे नेत. लोकांकडे देवघर दाखवतात, आमच्याकडे फ्यूज दाखवत.

"पंधरा वर्षं झाले," मामाजी सांगत, "एकदा नाई उडाला. वादळ येवो, गावची डीपी जळो, आपला फ्यूज ढिम्म."

पाहुणा मान डोलवी. तो तरी बिचारा काय करणार, चहा यायचा असे.

हा फ्यूज का उडत नव्हता, तेही सांगते. फ्यूजमध्ये बारीक तार असते. करंट जास्त झाला की ती जळते आणि घरातली वीज बंद होते. जळणं हेच तिचं काम. मामाजींना हा तिचा कामचुकारपणा वाटला. उठसूट जळणारी तार काय कामाची? म्हणून त्यांनी बांधावरच्या कुंपणाची एक तार उलगडली, तिचे काटे काढले, आणि पक्कडीने फ्यूजमध्ये अशी आवळली की तिला बैल बांधला तरी तुटणार नाही. तरुणपणी ते एका ठेकेदाराकडे विजेच्या खांबांचे खड्डे खोदायला होते. एवढ्या शिक्षणावर गावाने त्यांना विजेतले जाणकार मानलं. कोणाच्या घरी फ्यूज उडाला की बोलावणं मामाजींना, आणि मामाजी निघताना खिशात कुंपणाच्या तारेचा तुकडा घेऊनच निघत. त्याबद्दल चहाशिवाय कधी कोणाकडून काही घेतलं नाही. मनाचा मोठा माणूस. जरा कंजूष असते तर गावाचं जास्त भलं झालं असतं.

मी रिता, या घरची सून. माहेर आंबागडचं. माझा आवाज मोठा आहे आणि राग नाकावर असतो, हे तुम्हाला गावात कोणीही सांगेल, म्हणून मीच सांगून टाकते.

गेल्या हिवाळ्यात माझी नणंद अंजू पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. धान चुरून, म्हणजे मळून, घरात आलं होतं, मंडई, म्हणजे गावची दिवाळीनंतरची जत्रा, होऊन गेली होती, आणि थंडी अशी पडली होती की सकाळी गुंडातल्या पाण्यात बोट घालवत नव्हतं. बाळ झालं की बाळंतिणीला आणि बाळाला सव्वा महिना ऊन पाण्याची आंघोळ. म्हणजे चूल, ओलं सरपण, फुंकणी, धूर आणि मी. सासूबाई चंद्रकला, त्यांना मी आत्याबाई म्हणते, त्या गुडघ्यांनी बेजार. त्यांना चुलीपुढे बसवत नाही आणि बसल्या तर उठवत नाही.

तेवढ्यात अंजूचा नवरा वीरेंद्र नाकाडोंगरीहून एक खोकं घेऊन आला.

"बाबा, हे अंजूसाठी अन् बाळासाठी," तो म्हणाला. "आता चूल पेटवाचं कामच नाई. बटन दाबा का गरम पाणी."

खोक्यात विजेवर पाणी तापवणारा शॉवर होता. टाकी नाही, भांडं नाही; नळाचं थंड पाणी आत जातं आणि फवाऱ्यातून ऊन होऊन खाली येतं. खोक्यावरची चिकटपट्टी कोणीतरी एकदा काढून पुन्हा लावल्यासारखी दिसत होती. पण जावयाने आणलेलं खोकं उलटसुलट करून पाहायचं नसतं. जावयाची वस्तू परत करायची नसते, ती वापरत नाही असं म्हणायचं नसतं, आणि ती बिघडली हे तर तोंडातूनही काढायचं नसतं. याच जावईबापूंनी दिलेलं भिंतीवरचं घड्याळ अर्धा तास मागे चालतं. तर काय, आमचं घर अर्धा तास मागे चालतं.

शॉवर बसवायला पवनीहून इश्वर नावाच्या वायरमनला बोलावलं. तो सांगितलेला दिवस उलटल्यावर आला, कानाला फोन लावूनच आला. ओसरीत त्याने बोर्ड पाहिला, फ्यूज ओढून आतली तार पाहिली, आणि फोनवरच्या माणसाला म्हणाला, "थांब बे जरासा, मी अजबबंगल्यात, म्युझियममंदी उभा आहो."

मग मामाजींकडे वळला. "काकाजी, हे काय आहे? कुंपण?"

"फ्यूज आहे," मामाजी म्हणाले.

"हे फ्यूज नोहे. शॉवर लय करंट ओढते. तुमची घरातली वायर जुनी अन् बारीक. फ्यूज जळणार नाई, मंग वायर जळन. मीटरपासून जाड वायर वेगळी आणा लागन. अर्थिंगसाठी जमिनीत खड्डा करा लागन. अन् पाण्यात करंट गळला त पटकन बंद होते असा एक स्विच येते, तो बसवा लागन. हा बोर्ड काढून फेका."

"हे सगळं सामान कोठून आणाचं?" मामाजींनी विचारलं.

"माह्या दुकानातून. सगळं आहे आपल्याकडे."

तिथेच विषय संपला. मामाजींनी त्याला चहा पाजला, फाटकापर्यंत पोचवलं, आणि परत येऊन म्हणाले, "दुकान खपवाले आला होता."

दुसऱ्या दिवशी त्यांनी शॉवर स्वतः बसवला. टीव्हीच्या बटनातून एक वायर काढली, तिला दुसरी जोडली, दुसरीला तिसरी जोडली, जोडांवर काळी पट्टी गुंडाळली आणि धान साठवायच्या ढोलीवरून, भिंतीच्या कडेने ती न्हाणीत नेली. सगळं झाल्यावर एक हिरवी वायर हातात उरली.

"हे अर्थिंगची," मामाजी म्हणाले. "हे मातीत गाडाची असते."

न्हाणीच्या आजूबाजूला सगळा सिमेंटचा ओटा. पण न्हाणीच्या भिंतीवर रंगाच्या रिकाम्या डब्यात मी गवती चहा लावलेला होता. मामाजींनी हिरवी वायर त्या डब्यातल्या मातीत खुपसली, वरून थाप मारली आणि मला बजावलं, "रिता, इथे रोज पाणी टाकत जाजो. अर्थिंग सुकली नाई पाहिजे."

डबा प्लास्टिकचा आणि खाली विटांची भिंत. त्या मातीचा जमिनीशी काही संबंधच नव्हता. पण तेव्हा मला कुठे कळत होतं? मी रोज पाणी घातलं. गवती चहा मात्र फार जोमात आला.

पहिली आंघोळ अर्थातच मामाजींची. आतून गाण्याचा आवाज आला, म्हणजे पाणी ऊन होतं. मग माझा नवरा कैलाश गेला, तोही लालबुंद होऊन खुशीत बाहेर आला. मग घरातल्या बायकांची पाळी. मी आत गेले, बटन दाबलं, पाणी अंगावर घेतलं आणि नळाला हात लावला. बोटापासून खांद्यापर्यंत अशा झिणझिण्या गेल्या की मी किंचाळले. माझं किंचाळणं म्हणजे काय, समोरच्या घरातली म्हातारी बाहेर आली.

"काय झालं वं?" मामाजींनी दाराबाहेरून विचारलं.

"करंट लागते, मामाजी!"

"आमाले त नाई लागला. मले नाई लागला, कैलाशले नाई लागला. तुलेच काहून लागते?"

कैलाश म्हणाला, "नवीन मशीन आहे, सवय होईन."

मला वाटलं, आत्याबाई तरी माझी बाजू घेतील. त्या आंघोळ करून आल्या आणि खाटेवर बसून पाय लांब करून पाहू लागल्या.

"झिणझिण्या त मलेही आल्या," त्या म्हणाल्या. "पण गुडघा मोकळा झाल्यावानी वाटते वं."

झालं. संध्याकाळी गोदावरीबाई आल्या. बाळंतिणीची मालिश आणि बाळाची आंघोळ गावात त्याच करतात. त्यांच्या पायांवर अर्धं आसगाव न्हालं आहे. अंजूला पाहायला आल्या होत्या, गुडघ्याची गोष्ट ऐकली आणि लगेच न्हाणीत शिरल्या. बाहेर आल्या तेव्हा चेहरा उजळलेला.

"भंडाऱ्याले दवाखान्यात माह्या कमरेले करंट देल्ला होता," त्यांनी जाहीर केलं. "पट्टे लावून. हेच होय ते, हेच! तिथे त पट्टे लावाले लोक लागतात. इथे आपोआप भेटते."

त्या दिवसापासून दुपारी आमच्या न्हाणीपुढे बायकांची रांग लागू लागली. खांद्यावर टॉवेल आणि तोंडात दुखण्याची वर्णनं. कोणाचे गुडघे, कोणाची कंबर, एकीची तर दाढ. एक म्हातारी बाहेर येऊन तक्रार करू लागली की आज पहिल्यासारखं वाटत नाही. मामाजी खुर्चीवरूनच म्हणाले, "दुपारी व्होल्टेज कमी असते, बाई. संध्याकाळी येजा."

मी रांगेतल्या एकेकीला सांगून पाहिलं की बायांनो, हा रोगावरचा इलाज नाही, हा करंट आहे. त्यावर त्या म्हणाल्या, "हाव, करंटच त पाहिजे." अशा लोकांशी भांडणार तरी कसं? माझ्यासारखीच्या जिभेनेही हात टेकले.

मग मला मांजर दिसली. ढोलीवर, जिथून ती वायर जात होती, तिथे आमची मांजर सकाळ-संध्याकाळ झोपायला लागली होती. चूल सोडून ती तिथे का जाते म्हणून मी वायरीजवळच्या भिंतीला हात लावला. भिंत तापलेली. बाजूलाच तनशीचा, म्हणजे धानाच्या वाळल्या पेंढ्याचा, ढीग होता. मला भीती वाटली की राग येतो आणि राग आला की मी फोन लावते. मी इश्वरला फोन लावला.

त्याने सगळं ऐकून घेतलं. आधी तो दुखण्यावरच्या रांगेला भरपूर हसला, मग एकदम गंभीर झाला.

"वहिनी, टेस्टर घे अन् त्या नळाले लाव. पण पायात कोरडी चप्पल घालजो, अन् कोरड्या जागी उभी राहजो. ओल्या फरशीवर उघड्या पायानं जाऊ नको. दिवा लागला त त्या बाथरूममंदी कोणाले पाय ठेवू देऊ नको. आज झिणझिण आहे, उद्या माणूस तिथेच चिकटून राहीन."

मी टेस्टर आणला, चप्पल घातली, हात लांब करून नळाला लावला. दिवा लख्ख लागला.

आणि तिथे उभ्या उभ्या मला चपलेचा अर्थ कळला. मामाजी आंघोळ करतात सागवानी पाटावर बसून. कैलाशच्या पायाला धानाच्या बांध्यांतल्या चिखलपाण्यात राबून चिखल्या झालेल्या, तो न्हाणीतही रबरी चप्पल काढत नाही. उघड्या पायाने ओल्या फरशीवर आम्ही बाया. सासऱ्याच्या पाटावर सुनेने बसायचं नसतं, नवऱ्याच्या पाटावर बायकोनेही बसायचं नसतं. इतकी वर्षं मला या रिवाजाचा राग होता, पण त्यात जीव जाईल असं काही वाटलं नव्हतं.

मी तो टेस्टर तसाच घेऊन ओसरीत गेले आणि मामाजींना न्हाणीच्या दारात आणून दिवा दाखवला.

"पाहा! नळात करंट आहे."

मामाजींनी चष्मा वर केला, दिवा नीट पाहिला. "लागला ना दिवा? म्हणजे करंट बराबर येऊन राहिला. नसता लागला त टेन्शन होतं."

मी पाटाचं सांगितलं, चपलेचं सांगितलं, भिंत तापते ते सांगितलं. मामाजी म्हणाले, भिंत हिवाळ्यात तापली तर चांगलंच आहे. कैलाशला बाजूला घेऊन म्हटलं की तुमच्या वडिलांना तुम्ही समजवा. तो म्हणाला, "तूच समजव, तुझा आवाज मोठा आहे." बायकोचा आवाज मोठा असला की नवऱ्याला किती सोयीचं असतं पाहा.

त्याच आठवड्यात अंजूला पवनीच्या दवाखान्यात मुलगी झाली. दोघी सुखरूप घरी आल्या. पोरगी एवढीशी, काळ्याभोर केसांची, आणि झोपेत भुवया वर करायची, जणू सगळ्यांचं बोलणं तिला खोटं वाटत होतं. मला ती फार आवडली. मी तिला पाहिलं आणि त्याच क्षणी मला ती न्हाणी आठवली.

गोदावरीबाईंनी पहिल्या आंघोळीचा दिवस ठरवला. मामाजींनी जाहीर केलं की आंघोळ जावईबापूंच्याच शॉवरखाली होईल, आणि जावईबापूंना फोनवर व्हिडिओतून ती दाखवली जाईल.

"पाणी मी चुलीवर तापवते," मी म्हटलं. "मले काही त्रास नाई."

"जवाई तिकडून पाहून राहिले अन् आपण इकडे चूल फुंकाची? आपली काही इज्जत आहे का नाई?"

"अन् पोरीले काही झालं त?"

"रिता! शुभ बोल."

मी अंजूला सांगितलं. ती दमलेली, अर्धवट झोपेत म्हणाली, "वहिनी, विजेचं बाबाले समजते ना." तिचं तरी काय चुकलं? लहानपणापासून गावभराचे लोक तिच्या वडिलांना बोलवायला येताना तिने पाहिले होते. मुसळ घेऊन तो शॉवर फोडावा असंही माझ्या मनात आलं. पण मग जावयाची वस्तू सुनेने फोडली हा विषय झाला असता, आणि मामाजींनी त्या जागी नवीन शॉवर त्याच वायरीवर लावला असता.

आंघोळीची सकाळ उजाडली. अंजू बाळाला तेल लावून घेऊन आली. गोदावरीबाई लुगडं खोचून न्हाणीच्या ओल्या फरशीवर भिंतीला टेकून बसल्या आणि पाय लांब केले. बाळाला त्या पायांवर पालथं घालणार, आणि एक हात तिच्या पाठीवर ठेवून दुसऱ्या हाताने नळ सोडणार. मामाजी बाजूला आपल्या पाटावर उभे होते, म्हणजे फोनमध्ये नीट दिसतील. कैलाशने दारात फोन धरला होता आणि फोनमध्ये वीरेंद्र केस विंचरून बसला होता. आत्याबाई मागे काठी टेकून उभ्या.

"आण अंजू, आधी माह्याकडे दे," मामाजी म्हणाले. "जावईबापूले पोरगी दाखवतो." त्यांनी नातीला डाव्या हातावर घेतलं आणि फोनकडे वळवलं.

मी आत शिरले आणि नळ आणि गोदावरीबाई यांच्या मध्ये उभी राहिले. पायात चप्पल होती.

"हे पाणी पोरीच्या अंगावर पडणार नाई," मी म्हटलं. माझा आवाज न्हाणीत घुमला. "गोदावरीबाई, उठा."

"रिता, जवाई पाहून राहिले," मामाजी दात आवळून म्हणाले.

"पाहू द्या! मामाजी, इतके दिवस तुमी पाटावरून बोलून राहिले. एकदा पाटाखाली उतरा. गोदावरीबाई बसल्या तिथे उघड्या पायानं उभे राहा, अन् तुमच्या हातानं नळ सोडा. मंग पोरीले न्हाऊ घाला. मी एक शब्द बोलणार नाई."

आत्याबाईंनी "अवो माय" म्हणून तोंडावर पदर घेतला. सुनेने सासऱ्याला असं फर्मावणं आमच्या घरात झालेलं नव्हतं. मामाजींचा चेहरा तांबडा झाला.

"कायचं भेव आहे मले?" ते म्हणाले आणि पाटावरून उतरले.

मला वाटलं होतं, आधी ते बाळ अंजूकडे देतील. ते बाळासकट उतरले. रागात त्यांना ते सुचलंही नाही. उघडे पाय ओल्या फरशीवर, डाव्या हातावर नात, आणि उजवा हात नळाकडे निघाला. मी त्यांचा हात धरायला पुढे सरकले.

पण तो हात आधीच थांबला होता. नळापासून बोटभर अंतरावर. तेवढ्यात बाळाने जांभई दिली. मामाजींनी नळाकडे पाहिलं, मग हातावरच्या नातीकडे, मग पुन्हा नळाकडे. हात पुढे जाईना. मागेही येईना. पंधरा वर्षं ज्या माणसाला कशाचीच शंका आली नव्हती, त्याच्या कपाळावर हिवाळ्याच्या सकाळी घाम आला होता.

"अंजू," ते हळूच म्हणाले, "हे घे पोरगी. बाहेर ने."

अंजूने बाळ घेतलं आणि ती बाहेर पळाली. गोदावरीबाई कोणी न सांगता उठल्या. गुडघे एकदम चांगले झालेले दिसले.

फोनमधून वीरेंद्रचा आवाज आला.

"काय झालं बाबा? चालू करा ना, बिनधास्त करा. आमच्याकडे त बटन दाबलं का फ्यूजच उडे. मी तीनदा तार बदलली, तीनदा उडाला. आई म्हणे, फेकून दे. मी म्हणलो, फेकाचा कायले? आसगावले बाबाकडे फ्यूज उडतच नाई, तिथे मस्त चालन!"

कैलाशने फोन खाली केला. मला हसू आलं आणि त्याच वेळी जावईबापूंच्या कानाखाली एक ठेवून द्यावीशी वाटली. पण मामाजींनी हात पुढे करून फोन मागितला.

"जावईबापू," ते म्हणाले, "तुमच्या घरचा फ्यूज इमानदार आहे. तीनदा सांगतलं त्यानं तुमाले. माह्या घरचा मी मुका करून ठेवला होता."

वीरेंद्रला काही समजलं नाही. तो "हाव बाबा, हाव बाबा" म्हणत राहिला.

मामाजी ओसरीत गेले. त्यांनी मेन बंद केला आणि तो फ्यूज ओढून काढला. कुंपणाची तार निळी पडली होती, आणि मागची लाकडाची फळी कोळशासारखी काळी झाली होती. ती फळी त्यांनी बोटाने खरवडली, तर तिचा भुगा खाली पडला. मग त्यांनी कैलाशला इश्वरला फोन लावायला सांगितलं. सामान त्याच्याच दुकानातून आण म्हणाले.

मी चूल पेटवली. सरपण ओलं होतं, धुराने डोळे चुरचुरले, नाक वाहू लागलं. मी मनापासून खुश होते. गोदावरीबाईंनी अंगणात उन्हात पाय लांब केले आणि पोरीला न्हाऊ घातलं. पोरीने गाव डोक्यावर घेतलं. आत्याबाई म्हणाल्या, आवाज मामीवर गेला.

या गडबडीत मामाजी कुठे गेले ते कोणाच्या लक्षात आलं नाही. जेवायला हाक मारली तर घरात नव्हते. पक्कडही जागेवर नव्हती.

दुपारी शेजारीण विचारत आली की तुमच्या मामाजींना काय झालं आहे? आले, मेन बंद केला, फ्यूजमधली तार उपटून नेली, आणि शहरातून तार आणून बसवतो म्हणाले. मग दुसरी आली. मग तिसरी तर भांडायलाच आली, तिच्या घरी पाहुणे होते आणि पंखा बंद. थंडीत पंखा कशाला हवा होता देव जाणे. दिवस मावळायला लागला तेव्हा आमची अख्खी गल्ली अंधारात होती आणि जो तो मामाजींच्या नावाने ओरडत होता. कैलाश इश्वरबरोबर बोर्ड उतरवण्यात गुंतला होता, म्हणून बॅटरी घेऊन मी मामाजींना शोधायला निघाले.

ते भैयाजींच्या किराणा दुकानात सापडले. भैयाजी त्यांच्याच वयाचे, गल्ल्यावर बसून सगळ्या गावाशी हुज्जत घालणारे. ते आपल्या बोर्डाला पाठ लावून उभे होते, दोन्ही हात पसरून. मागे फ्रीज घुरघुरत होता. शेजारी त्यांची नात गुड्डी पोत्यावर बसून चिप्स खात होती.

"मी हात लावू देणार नाई," भैयाजी म्हणत होते. "हे तार तुमीच लावली, मारोतराव. माह्या घरी जेवून लावली. तवा म्हणले, जन्मभर पाहाचं काम नाई. आता काढाले आले! तवा बराबर होतं का आता बराबर आहे?"

मामाजी दिवसभराचे उपाशी होते. धोतराला दहा घरांची धूळ लागली होती. मी दारातच थांबले. मला वाटलं, आता ते सरकारचं नाव घेतील, नाहीतर कंपनीचं, नाहीतर इश्वरचं. या माणसाला मी कधी कोणापुढे हरलेलं पाहिलं नव्हतं.

"तवा चुकलो," मामाजी म्हणाले. "भैयाजी, आज माही नात माह्याच हातावर होती, अन् मी त्या फरशीवर उभा होतो. माहा हात नळापाशी गेला होता."

त्यांनी तोंड फिरवलं, पण मला दिसायचं ते दिसलं. मला त्या क्षणी त्यांच्याबद्दल इतकी माया वाटली की माझं भांडण, माझा राग, सगळं त्या दुकानाच्या पायरीवरच राहिलं.

भैयाजींनी पोत्यावर बसलेल्या गुड्डीकडे पाहिलं. मग ते बोर्डासमोरून बाजूला झाले, स्वतःच्या हाताने मेन बंद केला, आणि माझ्याकडची बॅटरी मागून घेऊन मामाजींना उजेड दाखवत उभे राहिले.